चाकामागे ठेवलेलं पाणी

ज्या उन्हाळ्यात सरोवरातल्या बोटींबरोबर पटकी, म्हणजे कॉलरा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनात आली, त्याच उन्हाळ्यात आस्लॉग आणि मार्गिट या दोघी बहिणी मिलवॉकीच्या धक्क्यावर उतरल्या. नॉर्वेतल्या टेलेमार्कच्या डोंगरातल्या मुली. आस्लॉग थोरली, तिचं लग्न ठरलेलं. तिचा स्वेनुंग तीन वर्षं आधीच पुढे आला होता. आमच्या वस्तीत त्याने जमीन धरली, ओकची मुळं उपटून शेत काढलं, ओंडक्यांचं खोपट उभं केलं आणि मग 'आता ये' म्हणून निरोप धाडला. आई गेल्यापासून धाकट्या मार्गिटला गावात कोणी उरलं नव्हतं, म्हणून आस्लॉगने तिलाही बरोबर घेतलं. "तिथे मला भांडायला आपलं माणूस हवंच की," असं ती म्हणाली होती.

आस्लॉगला एक गोष्ट ठाऊक नव्हती. स्वेनुंग गावी होता तेव्हा तिच्यासाठी म्हणून घरी यायचा, चुलीशी बसून लाकडाचे चमचे कोरायचा. कोपऱ्यात सूत कातत बसलेली मार्गिट त्या वेळी त्याच्या हातांकडे बघत असायची. तिने हे कोणाला कधी कळू दिलं नाही. समुद्रावरच्या लांबच्या प्रवासात रोज प्रार्थनेच्या वेळी ती देवाकडे एवढंच मागायची, की त्याला बघितल्यावर माझ्या चेहऱ्यावर काही दिसू देऊ नकोस.

धक्क्यावर स्वेनुंग नव्हताच. आमच्या वस्तीतली हेगे मावशी आणि तिचा मुलगा आयविंद मीठ न्यायला शहरात आले होते, त्यांच्याकडे त्याने निरोप दिला होता.

"बैल लंगडतोय म्हणे त्याचा," हेगे मावशी म्हणाली. "बरा झाला की निघेल, वाटेत गाठेल. तोवर माझ्या गाडीत बसा. बसा म्हणजे, चढ आला की उतरून ढकला."

हेगे मावशी विधवा. वस्तीतली बाळंतपणं तीच करायची, मोडलेली हाडं तीच बसवायची. तिच्या शब्दापुढे जाण्याची कोणाची हिंमत नव्हती. आयविंदची तर नाहीच नाही, आणि तो तिच्यापेक्षा हातभर उंच होता.

मिलवॉकी मागे टाकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आस्लॉगच्या पोटात कळा सुरू झाल्या. ऊन चढेस्तोवर तिचे डोळे खोल गेले, बोटांची कातडी धुणं धुणाऱ्या बाईसारखी सुरकुतली. हेगे मावशीने एकदाच बघितलं आणि गाडी रस्त्यालगतच्या ओकखाली घ्यायला सांगितली. आस्लॉगला सावलीत, घोंगडीवर निजवलं.

"पटकी आहे," ती मार्गिटला बाजूला नेऊन म्हणाली. "मी आणि आयविंद पलीकडच्या शेतावर जाऊन औषध मिळतंय का बघतो. तू हिच्याजवळ बस. आणि ऐक, पाण्याचा थेंब द्यायचा नाही. पाणी पोटात गेलं की हा रोग माजतो. परवा शहरात डॉक्टरनेच सांगितलंय."

"तिने मागितलं तर?"

"मागणारच. तेव्हाच मन घट्ट करायचं असतं."

त्या काळी सगळे हेच सांगायचे. शिकलेले, न शिकलेले, सगळे.

मार्गिट बहिणीच्या उशाशी बसली. जवळच झऱ्याच्या पाण्याने भरलेली लाकडी बादली होती. आस्लॉगची नजर तिच्यावरून हलत नव्हती.

"घोटभर दे गं," ती म्हणाली. आवाज अगदी बसला होता.

"मावशी नको म्हणालीय, ताई."

"मग मावशीला कशाला सांगतेस?" आस्लॉगने हसण्याचा प्रयत्न केला.

मार्गिटचा हात बादलीकडे गेला. आणि नेमक्या त्याच क्षणी, कुठून कोण जाणे, तिच्या मनात आलं: ही गेली तर. पुढचं काही आलं नाही, तेवढंच. पण ते आलं. मार्गिटने हात मागे घेतला. ती उठली, बादली उचलून गाडीच्या चाकामागे ठेवली, आस्लॉगला दिसणार नाही अशी, आणि परत येऊन बसली. आस्लॉगने पुन्हा मागितलं नाही. ती फक्त बघत राहिली. आधी चाकाकडे, मग बहिणीकडे. ऊन कलायच्या आत ती गेली.

तिला तिथेच पुरलं. आयविंदने खड्डा खणला, हेगे मावशीने पाठ असलेलं स्तोत्र म्हटलं. मार्गिटच्या तोंडून 'आमेन'सुद्धा निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी वाटेत स्वेनुंग भेटला. स्वच्छ सदरा घातलेला, गाडीत मऊ गवत अंथरलेलं. लांबूनच त्याने हात केला. जवळ आल्यावर तो मावशीच्या गाडीत डोकावला.

"आस्लॉग झोपलीय का?"

हेगे मावशीने सांगितलं. स्वेनुंगने टोपी काढली, ती कुठे ठेवावी हे जणू त्याला सुचेना, मग तशीच बैलाच्या शिंगाला अडकवली. बऱ्याच वेळाने त्याने मार्गिटला विचारलं, "शेवटी काही बोलली का?"

"नाही," मार्गिट म्हणाली. ते तिचं पहिलं खोटं.

मार्गिट हेगे मावशीकडेच, आयविंद आणि त्याच्या बायकापोरांबरोबर राहिली. दुसरं जाणार कुठे? गाईचं दूध काढायची, लोकर पिंजायची, मावशीबरोबर बाळंतपणांना जायची. वस्तीतल्या लोकांना वाटायचं, बहिणीच्या दुःखाने पोर मुकी झाली. लोक हळहळायचे, आणि ती हळहळ तिला खरकट्यासारखी अंगाला चिकटायची. बरी माणसं आपल्याला चांगलं समजतात, यापरती शिक्षा नाही, हे तिला त्या हिवाळ्यात कळलं.

स्वेनुंग यायचा. आधी आस्लॉगबद्दल बोलायला. तिच्या कबरीला कुंपण केलं ते सांगायला. बोलताना तो अडखळायचा. मग लाकडं फोडून द्यायला. मग काहीच कारण नसताना. चुलीशी बसून चमचा कोरायचा आणि हेगे मावशी त्याला टोमणे मारायची.

"किती चमचे झाले रे? एवढी तोंडं नाहीत आमच्या घरात."

"मोडतात मावशी, तुमची पेजच तेवढी घट्ट असते."

मार्गिट हसायची आणि हसल्यावर दचकायची. पुढे पुढे त्याच्या बोलण्यात आस्लॉगचं नाव येईनासं झालं. हे तिच्या लक्षात आलं त्या दिवशी ती गोठ्यात जाऊन गाईच्या पोटाला कपाळ टेकून उभी राहिली. तिच्या मनात डोकावून गेलेलं ते अर्धं वाक्य आता हळूहळू पुरं होत होतं, आणि ते पुरं व्हावं असं तिलाही वाटत होतं.

आमच्याकडे पाद्री वर्षातून दोनदा यायचे, वसंतात आणि सुगीनंतर. उपासना आयविंदच्या धान्याच्या कोठारात व्हायची. प्रभुभोजन घ्यायचं असलं की आदल्या दिवशी पाद्रींना भेटून नाव सांगायचं, मन मोकळं करायचं, अशी रीत. त्या वसंतात सगळ्या वस्तीने नावं दिली. मार्गिटने दिलं नाही. भाकर आणि द्राक्षारस सगळ्यांना मिळाला तेव्हा ती मागे, दाराशी उभी होती.

बायका कुजबुजल्याच. "एवढं काय पाप केलंय हिने? कोणाची कोंबडी चोरली का?"

त्याच आठवड्यात मेपलचा रस काढायचं काम चाललं होतं. रानात मोठ्या कढईत रस उकळत होता आणि मार्गिट तो ढवळत होती. स्वेनुंग लाकडं घेऊन आला, ती जाळात सारली आणि तिथेच उकिडवा बसला.

"घर वाढवलंय मी. पूर्वेला खिडकी काढलीय. काच बसवली."

"कोणासाठी?"

"कोंबड्यांसाठी तर नाही."

ती ढवळत राहिली.

"मार्गिट, मला गोड बोलता येत नाही. आस्लॉग गेली तेव्हा वाटलं होतं, आता फक्त नांगरायचं आणि मरायचं. तसं आता वाटत नाही. ते तुझ्यामुळे. पाद्री शनिवारपर्यंत आहेत, लग्न लावून देतील."

"मला हे परत विचारू नकोस."

"माझ्यात काय खोट आहे?"

"तुझ्यात नाही."

"मग आस्लॉगचं वाईट वाटतं म्हणून? ती तुझं वाईट चिंतणारी नव्हती."

"ती नव्हती," मार्गिट म्हणाली आणि कढईवरून तोंड फिरवलं. स्वेनुंगला वाटलं वाफ डोळ्यांत गेली. तो उठून निघून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात पटकी परत आली, आणि या वेळी थेट वस्तीत. दोन घरं ओस पडली. मग एका सकाळी हेगे मावशी विहिरीवरून आली ती पोट धरूनच. आपल्याला काय झालंय हे कोणी तिला सांगायची गरज नव्हती.

"आयविंद, तू आणि तुझी बायको पोरं घेऊन कोठारात जा," तिने फर्मावलं. "मार्गिट, तू राहणार असशील तर ध्यानात ठेव. थेंबसुद्धा नाही. मी पाया पडले तरी."

दुपारी ती खरंच पाया पडली. ज्या बाईने आयुष्यात कोणाची मनधरणी केली नव्हती, ती खाटेवरून हात लांबवत लहान पोरासारखी म्हणाली, "दे ना गं. दे ना मला."

मार्गिट उठली. आयविंद कोठारातून येऊन दारात उभा होता, त्याने तिला पाण्याचं ओगराळं भरताना बघितलं.

"मारायचंय का माझ्या आईला? तिनेच सांगितलंय ना?"

"सांगितलंय."

"मग?"

"मग तू बाहेर हो," मार्गिट म्हणाली. "ही मेली तर ते पाप माझ्या नावावर मांड. तिथे एक आधीच आहे."

तिने मावशीला पाणी पाजलं. मावशीने ते ओकून टाकलं. तिने परत पाजलं. पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं, दह्याची निवळी दिली, जवाची पातळ पेज दिली, जे खाली राहील ते चमच्या-चमच्याने देत राहिली. हे शहाणपण नव्हतं. तिला फक्त कोणी मागितलेलं पाणी नाकारायचं नव्हतं, परिणाम काहीही होवो. तिने मावशीचं मरण गृहीत धरलं होतं.

मावशी मेली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या हातांना ऊब आली. चौथ्या दिवशी ती पेज पातळ झाली म्हणून कुरकुरली.

वस्तीत बोभाटा झाला. लोकांनी आपापल्या आजाऱ्यांना पाणी द्यायला सुरुवात केली. सगळे वाचले असं नाही, पण काही वाचले. लोक मार्गिटला बोलावून नेऊ लागले. एका बापाने तिचे हात हातात घेऊन म्हटलं, "देवानेच तुला आमच्यात पाठवलं."

तिने हात सोडवून घेतले. आजवर तिच्याकडे एक आडोसा होता: पाणी देऊनही आस्लॉग वाचली नसती, कदाचित लवकर गेली असती, सगळेच तसं म्हणत होते. आता तोही राहिला नाही. वाचलेला प्रत्येक माणूस तिला रस्त्यात हसून भेटायचा, आणि प्रत्येक वेळी तिला ओकखालची ती नजर दिसायची.

हेगे मावशीला हे उमगायला वेळ लागला नाही. ती उन्हात खुर्ची टाकून बसली होती, मार्गिट शेजारी मटार सोलत होती.

"तुझ्या बहिणीला मीच पाणी देऊ दिलं नाही," मावशी म्हणाली. आज तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती. "रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. हुकूम माझा होता, पोरी. तू का सुकत चाललीस?"

"हुकूम तुमचा होता. पण मनात आलं ते माझं होतं."

"काय आलं मनात?"

मार्गिटने सांगितलं. पहिल्यांदाच, कोणाला तरी. स्वेनुंगचं, चुलीशेजारच्या त्या दिवसांचं, त्या अर्ध्या वाक्याचं, चाकामागच्या बादलीचं. मावशी ऐकत राहिली. मांडीवरचे मटार घरंगळून खाली पडले, तिने ते वेचले नाहीत.

"मी नाही म्हटलं नसतं तर दिलं असतंस?"

"तेच मला कळत नाही, मावशी. वर्ष झालं, मी तेच शोधतेय. देवाला ठाऊक असेल. मला नाही."

मावशी म्हणाली, "हे त्याला सांगायला हवं. त्याने मला परत विचारलंय तुझ्याबद्दल. न सांगता हो म्हणालीस तर जन्मभर त्याच्या ताटात वाढताना तुझा हात अडेल. नाही म्हणालीस, तरी त्याला खरं कारण कळायला हवं."

स्वेनुंग दलदलीच्या कडेला गवत कापत होता. मार्गिट भर दुपारी तिथवर चालत गेली आणि उभ्या उभ्याच तिने सगळं सांगितलं, काही न गाळता. सांगताना ती त्याच्या हातातल्या विळ्याच्या लांब दांड्याकडे बघत होती. तो दांडा हलायचा थांबला होता.

"मी विचारलं तेव्हा काही बोलली नाही म्हणालीस," तो म्हणाला.

"खोटं बोलले."

"पाणी मागितलं तिने."

"हो."

"आणि तू ते लपवलंस."

"हो."

त्याने विळा गवतात टाकला आणि पाठ फिरवून चालू लागला. वैरण तशीच पडून राहिली. पुढे पाऊस येऊन ती कुजली.

तो महिनाभर आला नाही. रविवारी लोक आपापली प्रार्थना म्हणायला जमायचे तिथेही नाही. मार्गिटने वाट बघितली नाही; बघायचा आपल्याला हक्क नाही असं तिने स्वतःला बजावलं होतं. आश्चर्य इतकंच वाटलं, की दुःख होतं तरी तिला आता झोप लागत होती.

गहू कापून झाला तेव्हा हेगे मावशी काठी टेकत स्वेनुंगच्या शेतावर गेली. तिथे काय बोलणं झालं हे तिने कोणाला सांगितलं नाही. आल्यावर एवढंच म्हणाली, "दोन कोसांची पायपीट, आणि बसायला म्हणून गाढवाने ओंडका दिला."

दोन दिवसांनी तो आला. मार्गिट अंगणात लोकर वाळत घालत होती. तो बराच खंगला होता. दोघांमध्ये लोकरीचा दोर होता, त्याने तो ओलांडला नाही.

"माझा राग गेला नाही," तो म्हणाला. "आधी ते सांगतो."

"जायला हवा असं मी म्हटलं नाही."

"ऐकून घे. मला राग कोणाचा आलाय ते शोधत होतो. बैल लंगडत होता, हे खरं. पण इतका नाही. मी निघू शकलो असतो. तीन वर्षं झाली होती, मार्गिट, मला आस्लॉगचा चेहरा नीट आठवेना. आता ती येणार, जन्माची येणार, म्हणून जीव घाबरला. म्हटलं, दोन दिवस गवत कापू, मग जाऊ. मी वेळेवर आलो असतो तर तुम्ही वेगळ्या वाटेने आला असता. वेगळ्या झऱ्याचं पाणी प्यायला असता. कोण जाणे. कबरीला कुंपण केलं तेव्हाही हे मनात होतं. पण दुःखी नवऱ्या मुलासारखा तिथे उभा राहिलो, आणि सगळ्यांनी माझी पाठ थोपटली."

पाठ थोपटली म्हणजे काय होतं, हे मार्गिटला सांगावं लागत नव्हतं.

"पाद्री येताहेत पुढच्या आठवड्यात," तो म्हणाला. "मी जाऊन सांगणार आहे. तू येणार असशील तर बरोबर जाऊ."

ते बरोबर गेले, पण आत एकेकटे गेले. पाद्री वयस्क होते, घोड्यावरून आलेले, गुडघे धरून बसलेले. त्यांनी मार्गिटचं सगळं ऐकलं आणि लगेच दिलासा दिला नाही. तेच तिला बरं वाटलं.

"पाण्याने ती वाचली असती का, हे मी सांगू शकत नाही," ते म्हणाले. "तूही सांगू शकत नाहीस. तुला सांगितलं ते तू केलंस. मनात आलं ते पाप होतं, त्याचा तुला पश्चात्ताप आहे. दोन्हींतल्या कशामुळे हात मागे आला, हे आता तुला कधीच कळणार नाही. न कळताच जगावं लागेल."

"मग मला क्षमा नाही?"

"आहे. ख्रिस्ताने जीव दिला तो फक्त सगळं कळलेल्यांसाठी नाही." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पापक्षमेचे शब्द उच्चारले. मग त्यांनी वेगळ्याच, घरगुती आवाजात विचारलं, "सुटल्यासारखं वाटतंय का?"

"नाही," मार्गिट म्हणाली.

"मलाही नसतं वाटलं. तरी उद्या ये."

दुसऱ्या दिवशी ती प्रभुभोजनाला पुढे गेली. गुडघे टेकताना शेजारी हेगे मावशीने तिचा दंड असा धरला, की पुढे आठवडाभर तिथे वळ होता.

लग्न मात्र त्या खेपेला झालं नाही. स्वेनुंगनेच थांबू या म्हटलं. हिवाळाभर तो येत राहिला. कधी दोघं बोलायचे, कधी तो नुसता बसून उठून जायचा. एकदा भांडणात त्याने ते पाणी काढलं, आणि तिने बैल काढला, आणि दोघंही इतके घाबरले की पुढे कितीतरी दिवस अदबीने बोलत होते. वसंतात पाद्री आले तेव्हा कोठारात त्यांचं लग्न लागलं. सायीची खीर झाली, आयविंदने फिडल वाजवलं. हेगे मावशी बसल्या जागेवरून ताल चुकल्याचं त्याला सांगत होती.

मुलगी झाली तेव्हा नाव काय ठेवायचं हा प्रश्नच नव्हता. आमच्यात घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव पुढे चालवतात. पण मार्गिट अडून बसली.

"ते नाव मी रोज कसं घेऊ?"

"रोज घेऊनच," स्वेनुंग म्हणाला. "आपण दोघांनी ते घ्यायचं सोडलं होतं, आठवतं?"

बाप्तिस्म्यात मुलीचं नाव आस्लॉग ठेवलं.

पोर मोठी खट्याळ निघाली, पण मार्गिटला तिला रागवता यायचं नाही. त्या नावाला लागून तिच्या तोंडून कडक शब्दच निघेना. पोरगी चार वर्षांची होईपर्यंत दटावायचं काम स्वेनुंगकडे होतं. शेजारणी हसायच्या, आई लाडावते म्हणायच्या.

मग एका सकाळी पोरीने धुतलेल्या लोकरीवर राख ओतली, सगळ्या हिवाळ्याच्या लोकरीवर. मार्गिट दारातून बाहेर आली.

"आस्लॉग, गाढवे, आता बघ तुझं काय करते ते."

आवाज शेतापर्यंत गेला. पोरगी पळाली, मार्गिट लाकडी पळी घेऊन तिच्या मागे धावली. स्वेनुंगने नांगर थांबवला आणि घराकडे बघितलं. दोघी कोठाराला वळसा घालून दिसेनाशा झाल्या. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग त्याने बैलांना हाक दिली.